पीआरआय लाइनवर कॉल कसा लागतो, कसा तुटतो: ट्रेस वाचायला शिकणाऱ्यांसाठी

फोर्टमधली जुनी इमारत असो, अंधेरीची एमआयडीसी असो की बीकेसी, ज्या ऑफिसात ईपीएबीएक्सला (ऑफिसातल्या अंतर्गत फोन एक्सचेंजला) पीआरआय (एका वेळी ३० कॉल नेणारी डिजिटल लाइन) जोडलेली आहे तिथून तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "फोन लागत नाहीये." या एका वाक्यामागे वेगवेगळे डझनभर बिघाड असू शकतात. नवीन टेक्निशियन आधी केबल हलवतो, मग कार्ड काढून घालतो, शेवटी सगळी सिस्टिम रीस्टार्ट करतो. कधी कधी त्यानंतर लाइन सुरू होतेही. पण कारण कळलेलं नसतं, आणि त्या वेळी चालू असलेले सगळे कॉल तुटतात ते वेगळंच.

डिजिटल लाइनवर एवढ्या झटापटीची गरज नसते. प्रत्येक कॉल लागताना आणि तुटताना तुमचा ईपीएबीएक्स आणि टेलिफोन कंपनीचं, म्हणजे प्रोव्हायडरचं, एक्सचेंज एकमेकांना मेसेज पाठवत असतात. कॉल फसला तर का फसला आणि कोणी नाकारला, हेही त्या मेसेजमध्येच असतं. या मेसेजच्या नोंदीला ट्रेस म्हणतात. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी तो वाचायची सवय लावा. त्यासाठी जेवढी माहिती लागते तेवढी इथे क्रमाने दिली आहे.

आवाज एकीकडे, निरोप दुसरीकडे

पीआरआय म्हणजे एका ईवन (E1) लाइनवर चालणारी आयएसडीएन, म्हणजे डिजिटल टेलिफोन, सेवा. ईवनचा वेग सेकंदाला २०४८ किलोबिट. एका फ्रेममध्ये ३२ टाइमस्लॉट, प्रत्येकात ८ बिट, आणि अशा सेकंदाला ८००० फ्रेम. म्हणजे एका टाइमस्लॉटच्या वाट्याला ६४ किलोबिट येतात, आणि एका बोलण्याला तेवढे पुरतात.

टाइमस्लॉट ० फ्रेम जुळवण्यासाठी राखीव. टाइमस्लॉट १६ हा डी चॅनेल, सगळे निरोप इथून जातात. उरलेले १ ते १५ आणि १७ ते ३१ हे ३० बी चॅनेल, म्हणजे एका वेळी ३० कॉल. आवाज बी चॅनेलवर आणि निरोप डी चॅनेलवर, ही फारकत कायम लक्षात ठेवा. कॉल लागतो पण आवाज येत नाही, ही तक्रार असेल तर डी चॅनेल ठीक आहे आणि दोष बी चॅनेलच्या वाटेवर आहे, हे तिथेच कळतं. तीसच्या तीस चॅनेल एकदम बंद पडले तर आधी डी चॅनेलकडे बघायचं.

पायरी १: लाइन जिवंत आहे का

तीन अलार्म ओळखता आले पाहिजेत. एलओएस म्हणजे समोरून सिग्नलच येत नाही: केबल तुटलेली, कनेक्टर सुटलेला, किंवा प्रोव्हायडरच्या बॉक्सची वीज गेलेली. एआयएस म्हणजे सिग्नल येतोय पण त्यात सगळे १ भरलेले आहेत. मधल्या उपकरणापर्यंत लाइन धड आहे, बिघाड त्याच्या मागे आहे. आरएआय म्हणजे समोरचा सांगतोय की तुमच्याकडचं त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. आरएआय दिसला तर तुमची पाठवणारी जोडी तपासा.

आरजे-४५ वर ईवनच्या जोड्या १-२ आणि ४-५ या पिनांवर असतात. लॅनची क्रॉस केबल इथे चालत नाही, कारण तिच्यात १-२ आणि ३-६ यांची अदलाबदल असते. ईवनच्या क्रॉस केबलमध्ये १ ची ४ शी आणि २ ची ५ शी गाठ पडते. प्रोव्हायडरचा बॉक्स ७५ ओहमच्या बीएनसीवर देत असेल आणि तुमचं कार्ड १२० ओहमचं असेल, तर मध्ये बलून (balun, दोन वेगळ्या ओहमच्या लाइनी जुळवणारा छोटा अडॅप्टर) लावावा लागतो. नुसत्या तारा जोडून लाइन वर आल्यासारखी दिसते, पण एरर मोजणारा आकडा चढत राहतो.

मग सेटिंग जुळवा: लाइन कोड (तारेवर बिट पाठवायची पद्धत) एचडीबी३, आणि सीआरसी-४ (फ्रेममधली चूक पकडणारी तपासणी) दोन्हीकडे चालू किंवा दोन्हीकडे बंद. त्यानंतर क्लॉक, म्हणजे बिट पाठवण्याचा ताल. तुमच्या ईपीएबीएक्सने क्लॉक प्रोव्हायडरच्या लाइनवरूनच घ्यायचा असतो. तो स्वतःच्या क्लॉकवर चालत असेल तर दोन्ही बाजूंचा वेग किंचित वेगळा पडतो आणि थोड्या थोड्या वेळाने एक आख्खी फ्रेम गळते किंवा दोनदा येते. याला स्लिप म्हणतात. बोलताना फक्त बारीक टिकटिक ऐकू येते, म्हणून कोणी तक्रार करत नाही. फॅक्स मात्र अर्ध्यावर तुटतो, आणि डी चॅनेलवरचे मेसेज मधूनमधून खराब होतात. "कधी लागतो, कधी लागत नाही" अशी तक्रार आली की स्लिपचा आकडा आधी बघावा.

पावसाळ्यात तांब्याच्या जोडीवर आलेल्या लाइनींकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. इमारतीच्या तळमजल्यावरच्या एमडीएफच्या पेटीत (जिथे बाहेरच्या आणि आतल्या तारा जोडतात) ओल शिरते, क्रोनचे (तारा दाबून बसवायच्या पट्टीचे) कॉन्टॅक्ट हिरवे पडतात. लाइन पूर्ण मरत नाही, नुसती आजारी पडते. एररचा आकडा शून्य करा, १५ मिनिटांनी पुन्हा वाचा. धड लाइनवर तो शून्यच राहतो.

पायरी २: डी चॅनेल बोलतोय का

लाइन हिरवी दिसते पण एकही कॉल नाही, अशा वेळी दुसरा थर बघा. पायरी १ मधली लाइन हा पहिला थर, तिच्यावरची डी चॅनेलची जोडणी हा दुसरा. त्याचे नियम क्यू.९२१ या मानकात आहेत. सुरुवातीला एक बाजू एसएबीएमई पाठवते, म्हणजे "जोडणी करू या". दुसरी यूए पाठवते, म्हणजे "झाली". त्यानंतर काही कामाचं नसलं तरी साधारण दर १० सेकंदांनी आरआर नावाची छोटी फ्रेम येत-जात राहते. ट्रेसमध्ये शांतपणे आरआर दिसत असतील तर डी चॅनेल निरोगी आहे.

एसएबीएमई सेकंदा-सेकंदाला जातोय आणि यूए येतच नाही, तर तीन शक्यता. तुमचा सिग्नल पोचत नाही, म्हणजे पायरी १ कडे परत जा. डी चॅनेल १६ ऐवजी भलत्याच टाइमस्लॉटवर बांधलाय. किंवा दोन्ही बाजू स्वतःला नेटवर्क समजतायत, नाहीतर दोन्ही यूजर. प्रोव्हायडरकडे जोडलेला ईपीएबीएक्स नेहमी यूजर असतो. दोन ईपीएबीएक्स एकमेकांना जोडताना मात्र एकाला मुद्दाम नेटवर्क करावं लागतं, आणि हे विसरण्याचं प्रमाण फार आहे.

पायरी ३: सेटअप मेसेज अक्षर अन् अक्षर वाचा

आता तिसरा थर, म्हणजे कॉलचे मेसेज. त्यांचं मानक क्यू.९३१. कॉलची खरी गोष्ट इथे आहे. ट्रेस कसा सुरू करायचा ते तुमच्या मशीनवर अवलंबून आहे. सिस्कोच्या राउटरवर "डिबग आयएसडीएन क्यू९३१" ही कमांड आहे, आणि दुरून लॉगिन केलं असेल तर आधी "टर्मिनल मॉनिटर" द्यावं लागतं, नाहीतर स्क्रीनवर काहीच येत नाही. अॅस्टेरिस्क या सॉफ्टवेअर ईपीएबीएक्सवर "पीआरआय सेट डिबग ऑन स्पॅन १". काम झालं की डिबग बंद करायला विसरू नका. गर्दीच्या वेळी त्याचा भार प्रोसेसरवर पडतो.

बाहेर जाणारा कॉल निघाला की पहिला मेसेज सेटअप. समजा एक्स्टेन्शनवरून १९१६ लावला, म्हणजे महापालिकेच्या आपत्कालीन मदतीचा नंबर. (इथे तो फक्त कागदावर घेतला आहे. टेस्टिंगसाठी असल्या नंबरांवर कधीही फोन करू नका.) कच्चा मेसेज हेक्समध्ये (१६ च्या पायावरची मोजणी, ९ नंतर ए ते एफ) असा दिसतो:

०८ ०२ ०० ०३ ०५ ०४ ०३ ८० ९० ए३ १८ ०३ ए९ ८३ ८१ ७० ०५ ८१ ३१ ३९ ३१ ३६

पहिला ०८ सांगतो की हा क्यू.९३१ चा मेसेज आहे. ०२ म्हणजे पुढचे दोन बाइट कॉल रेफरन्सचे, आणि ०० ०३ हा तो रेफरन्स. बँकेतल्या टोकनसारखं त्याचं काम: या कॉलचा पुढचा प्रत्येक मेसेज याच नंबराने येणार. उत्तरात तो ८० ०३ असा दिसेल. पहिला बिट १ झाला की समजायचं, हा मेसेज कॉल सुरू न करणाऱ्या बाजूकडून आलाय. एकाच वेळी एक्सचेंजनेही ३ नंबरचा आपला वेगळा कॉल सुरू केलेला असू शकतो. त्या दोघांची गल्लत या बिटामुळेच टळते, म्हणून ट्रेस वाचताना नुसता "३" शोधू नका.

नंतरचा ०५ म्हणजे मेसेजचा प्रकार, सेटअप.

०४ ०३ ८० ९० ए३ ही बेअरर कॅपॅबिलिटी, म्हणजे कसला कॉल हवाय. ८० म्हणजे बोलणं, ९० म्हणजे ६४ किलोबिटचं सर्किट, ए३ म्हणजे ए-लॉ कोडिंग (आवाज बिटांत बदलायची पद्धत), जे भारतात चालतं. फॅक्स मशीनच्या एक्स्टेन्शनला ८० ऐवजी ९० असायला हवा, म्हणजे ३.१ किलोहर्ट्झ ऑडिओ. तिथे ८८ ९० गेला तर तुम्ही शुद्ध डेटा कॉल मागताय. साध्या फोनकडे तो जाणारच नाही आणि ५७, ५८, ६५ किंवा ८८ असं कुठलं तरी कारण परत येईल.

१८ ०३ ए९ ८३ ८१ हा चॅनेल. शेवटचा ८१ म्हणजे चॅनेल १. ए९ म्हणजे "हाच हवा", ए१ असता तर "शक्यतो हा, नसेल तर दुसरा द्या". टाइमस्लॉट १७ साठी शेवटचा बाइट ९१ येतो. इथे एक खोड नीट समजून घ्या. काही मशीनं, विशेषतः क्यूसिगवर (ईपीएबीएक्स एकमेकांशी बोलतात ती भाषा) बांधलेली, चॅनेल १ ते ३० असे सलग मोजतात. पीआरआयवर मोजणी टाइमस्लॉटची असते, १६ सोडून. दोन बाजू वेगळं मोजत असतील तर पहिले १५ कॉल मस्त चालतात आणि सोळाव्यापासून एकाचा आवाज दुसऱ्याला, किंवा कोणालाच नाही. "फक्त दुपारी गर्दीच्या वेळी आवाज येत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच निघतं.

शेवटचा तुकडा, ७० ०५ ८१ ३१ ३९ ३१ ३६, म्हणजे लावलेला नंबर. ८१ नंतरचे आकडे एएससीआयआय या अक्षरांच्या ठरलेल्या कोडमध्ये: ३१ म्हणजे १, ३९ म्हणजे ९, ३६ म्हणजे ६. लावणाऱ्याचा नंबर ६सी ने सुरू होणाऱ्या तुकड्यात जातो. उदाहरणात तो घेतलेला नाही, पण प्रत्यक्षात तुमच्या नावावरच्या डीआयडी रेंजमधलाच (बाहेरून थेट एक्स्टेन्शनला लागणाऱ्या नंबरांतलाच) नंबर तिथे जायला हवा. भलता नंबर टाकला तर नेटवर्क त्याजागी पायलट (लाइनचा मुख्य) नंबर लावतं किंवा सरळ कॉल नाकारतं.

लावलेल्या नंबरात होणाऱ्या चुका बऱ्याचशा आकड्यांच्याच असतात. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० लावावा लागतो, आणि पीआरआय ही लँडलाइनच. जुना डायल प्लॅन असलेल्या ईपीएबीएक्सने १० आकडेच पाठवले तर कॉल जात नाही. ठाणे आणि नवी मुंबई ०२२ मध्येच येतात. पण डोंबिवली-कल्याण ०२५१, वसई-विरार ०२५०. यूजर "इथलाच नंबर आहे" असं म्हणतो आणि कोड न लावताच फिरवतो. ट्रेसमधला ७० चा तुकडा बघितला की वाद मिटतो. आणखी एक: बाहेरची लाइन घेण्यासाठी दाबलेला ० ईपीएबीएक्सने काढून टाकायचा असतो, मोबाइलच्या आधीचा ० मात्र ठेवायचा. दोन्ही शून्यं गेली तर ०० म्हणजे परदेश.

सेटअप ट्रेसमध्ये दिसतच नसेल तर? मग एक्सचेंजचा काहीच दोष नाही. कॉल ईपीएबीएक्सच्या आतच अडकलाय: एक्स्टेन्शनला एसटीडी बंद आहे, रूट चुकलाय, किंवा ३० च्या ३० चॅनेल भरलेत. तासभर प्रोव्हायडरशी भांडण्याआधी एवढं बघून घ्या.

पायरी ४: रिंगपासून हॅलोपर्यंत

साधा, यशस्वी कॉल ट्रेसमध्ये असा उतरतो:

ऑफिस ते एक्सचेंज: सेटअप
एक्सचेंज ते ऑफिस: कॉल प्रोसीडिंग
एक्सचेंज ते ऑफिस: अलर्टिंग
एक्सचेंज ते ऑफिस: कनेक्ट
ऑफिस ते एक्सचेंज: कनेक्ट अॅक्नॉलेज

कॉल प्रोसीडिंग म्हणजे नंबर पुरेसा मिळाला, कॉल पुढे पाठवतोय, आणि चॅनेल अमुक. अलर्टिंग म्हणजे समोर घंटी वाजतेय. कनेक्ट म्हणजे उचलला. बिलाचं मीटर इथून पळतं.

सेटअपला ४ सेकंदांत उत्तर आलं नाही तर टी३०३ नावाचा टायमर संपतो आणि तोच सेटअप, त्याच कॉल रेफरन्सने, पुन्हा एकदा जातो. ट्रेसमध्ये ४ सेकंदांच्या अंतराने दोन सारखे सेटअप आणि खाली शुकशुकाट, असं दिसलं तर पायरी २ वरचे आरआर बघा. ते चालू असतील तर तुमचा मेसेज पोचतोय, पण समोरचं एक्सचेंज त्यावर काही करत नाहीये. ही तक्रार प्रोव्हायडरकडेच जाते.

कॉल प्रोसीडिंगच्या आधी सेटअप अॅक्नॉलेज आला तर समजा की एक्सचेंजला आणखी आकडे हवेत. हा ओव्हरलॅप प्रकार, म्हणजे आकडे तुकड्यातुकड्याने पाठवायचा. याच्या उलट बाजूचा त्रास येणाऱ्या कॉलवर होतो. तुमचा ईपीएबीएक्स ओव्हरलॅपवर ठेवलेला असेल तर नंबर पूर्ण येऊनही तो "अजून आकडे येतील" म्हणून १० ते १५ सेकंद थांबतो, आणि फोन करणाऱ्याला वाटतं की ऑफिसात रिंगच उशिरा वाजते. ओव्हरलॅप बंद करा, उशीर गेला.

बोलण्याआधीचा आवाज हा वेगळाच विषय आहे, आणि नवख्याला सगळ्यात जास्त चकवतो. समोरच्या माणसाची कॉलर ट्यून त्याच्या नेटवर्कमधून, बी चॅनेलवरून, कनेक्टच्या आधीच येत असते. "स्विच्ड ऑफ आहे" ही अनाउन्समेंटही तशीच. बी चॅनेलवर ऐकण्यासारखं काही आहे हे सांगायला एक्सचेंज प्रोग्रेस इंडिकेटर ८ पाठवतं. तो आला की ईपीएबीएक्सने आपली रिंग टोन थांबवून चॅनेलचा आवाज कानापर्यंत सोडायला हवा. तसं न करणारी मशीनं स्वतःचीच "ट्रिंग-ट्रिंग" वाजवत बसतात. यूजर म्हणतो, "रिंग जात होती, उचलला नाही." खरं तर समोर मुलगी सांगत होती की हा नंबर अस्तित्वात नाही.

येणाऱ्या कॉलवर नियम उलटे लागतात. एक्सचेंज सेटअप पाठवतं, तुम्ही उत्तरं देता. कॉल प्रोसीडिंग पाठवून तुम्ही गप्प बसलात तर एक्सचेंज टी३१० लावतं, साधारण १० सेकंदांचा, आणि तो संपला की कॉल कापतं. साहेबांचं एक्स्टेन्शन मोबाइलवर वळवलेलं असेल तर पलीकडची रिंग सुरू व्हायला तेवढा वेळ सहज जातो. अशा रूटवर ईपीएबीएक्सने लगेच अलर्टिंग पाठवावा असं सेट करा. "१ दाबा, २ दाबा" सांगणाऱ्या आयव्हीआरने (आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राने) तर थेट कनेक्टच पाठवला पाहिजे. नुसत्या प्रोग्रेसवर तो वाजवला तर फोन करणाऱ्याला आवाज ऐकू जातो, पण त्याने दाबलेली बटणं तुमच्यापर्यंत पोचण्याची खात्री नसते.

डीआयडीचं गणितही इथेच. प्रोव्हायडर लावलेल्या नंबराचे किती आकडे देतो, शेवटचे ४ की पूर्ण १०, ते सेटअपमधल्या ७० च्या तुकड्यात मोजा आणि ईपीएबीएक्सचा तक्ता त्याप्रमाणे भरा. तक्ता ४ आकड्यांचा आणि आले १०, की ईपीएबीएक्स स्वतःच "असा नंबर नाही" म्हणून कॉल परत पाठवतो.

एक्सचेंजच्या पलीकडे काय होतं

तुमचा सेटअप एक्सचेंजपाशी संपतो. पुढे पुण्याच्या मोबाइलपर्यंत जायला नेटवर्क स्वतःची भाषा वापरतं: एसएस७, आणि त्यातला कॉलचा भाग आयएसयूपी. सेटअपचा होतो आयएएम, अलर्टिंगच्या जागी एसीएम, कनेक्टच्या जागी एएनएम. हे मेसेज आवाजाच्या सर्किटवरून जात नाहीत. त्यांच्या स्वतंत्र लिंक असतात आणि मध्ये एसटीपी नावाची केंद्रं त्यांना वाट दाखवतात. प्रत्येक मेसेजवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पॉइंट कोड, आणि कोणतं सर्किट ते सांगणारा सीआयसी नंबर. सर्किट टप्प्याटप्प्याने राखलं जातं: एक एक्सचेंज पुढच्याला, ते त्याच्या पुढच्याला. म्हणून मधल्या कुठल्याही टप्प्यावर जागा नसली तरी नकार मागे येत येत तुमच्या डी चॅनेलवर पोचतो.

आता बऱ्याच ठिकाणी हा मधला प्रवास आयपीवर होतो. कॉज कोड, म्हणजे कॉल का तुटला ते सांगणारे नंबर, मात्र त्याच यादीतले, क्यू.८५० चे, तुमच्यापर्यंत येतात.

पायरी ५: कॉल तुटताना

फोन ठेवला की तीन मेसेज जातात. ठेवणारी बाजू डिस्कनेक्ट पाठवते, समोरची रिलीज, पहिली रिलीज कम्प्लीट. डिस्कनेक्ट म्हणजे "मला हा कॉल संपवायचाय", कॉल रेफरन्स आणि चॅनेल अजून अडकलेले. रिलीज म्हणजे "मी चॅनेल सोडला". रिलीज कम्प्लीट म्हणजे "मीही". त्यानंतरच तो चॅनेल दुसऱ्या कॉलला देता येतो. नेटवर्कच्या आत आयएसयूपी हेच काम आरईएल आणि आरएलसी अशा दोन मेसेजमध्ये उरकतं. सेटअपला थेट रिलीज कम्प्लीट आला तर तो पहिल्याच पावलावरचा नकार.

डिस्कनेक्टला ३० सेकंदांत उत्तर आलं नाही तर पाठवणारी बाजू स्वतःच रिलीज पाठवते. रिलीजला ४ सेकंदांत उत्तर नाही तर पुन्हा एकदा रिलीज. तेव्हाही उत्तर नाही तर ती बाजू चॅनेल बाजूला काढून ठेवते. असे दोन-तीन चॅनेल महिनाभरात अडकले की ऑफिस २७-२८ लाइनींवर चालत राहतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. चॅनेलची यादी दर आठवड्याला बघा, आणि अडकलेल्यावर रीस्टार्ट मेसेज पाठवा. तेवढ्या एका चॅनेलचा, सगळ्या कार्डाचा नाही.

डिस्कनेक्टसोबतही प्रोग्रेस इंडिकेटर ८ येऊ शकतो: "मी कॉल संपवतोय, पण आधी ही अनाउन्समेंट ऐका." घाई करणारा ईपीएबीएक्स तिथेच रिलीज पाठवतो आणि यूजरला अर्धा शब्दही ऐकू येत नाही.

अॅनालॉग लाइनवर असा स्पष्ट निरोप नसतो. तिथे ईपीएबीएक्सला पोलॅरिटी (तारांची अधिक-उणे बाजू) उलटण्यावर किंवा बिझी टोन ओळखण्यावर अवलंबून राहावं लागतं. आपल्याकडे ती ४०० हर्ट्झची, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. टोन ओळखण्यात चूक झाली की लाइन अडकते. पीआरआयवर ही भानगड राहत नाही.

कारण आणि ठिकाण

डिस्कनेक्ट किंवा रिलीजमध्ये ०८ ०२ ने सुरू होणारा तुकडा शोधा. मेसेजच्या अगदी सुरुवातीचे ०८ ०२ नव्हेत, मेसेजच्या प्रकारानंतर येणारे. त्यापुढचे दोन बाइट सोन्यासारखे आहेत. दुसऱ्या बाइटमधून ८० वजा केला की हेक्समधला कॉज मिळतो: ९० म्हणजे १६, ९१ म्हणजे १७, ए२ म्हणजे ३४.

१६ म्हणजे नीट ठेवलेला कॉल. १७ एंगेज. १८ समोरचा फोन प्रतिसादच देत नाही, १९ घंटी वाजली पण उचलला नाही. १ म्हणजे असा नंबर नाही, २८ म्हणजे आकडे कमी-जास्त. दोन्ही वेळा आधी आपला डायल प्लॅन बघा. २१ नाकारला. ३४ चॅनेल नाही, ४४ मागितलेला चॅनेल मिळत नाही. ४१ आणि ४२ नेटवर्कची तात्पुरती अडचण आणि गर्दी. १०२ म्हणजे कुठला तरी टायमर संपला, म्हणजे कोणीतरी वेळेत उत्तर दिलं नाही.

४४ वारंवार येत असेल तर टकरीचा संशय घ्या: तुम्ही आणि एक्सचेंज दोघांनी एकाच क्षणी एकच चॅनेल उचलला. अशा वेळी नेटवर्कचा कॉल पुढे जातो, तुमचा मागे. उपाय सोपा आहे. एक्सचेंज १ पासून वर जात असेल तर तुम्ही ३१ पासून खाली या.

पण कॉजचा नंबर एकटा वाचणं ही अर्धीच माहिती. पहिल्या बाइटमध्ये तो कोणी दिला ते असतं, आणि लोक नेमकं तेच वगळतात. ८० म्हणजे यूजर, ८२ म्हणजे तुमच्या बाजूचं सार्वजनिक नेटवर्क, ८४ म्हणजे समोरच्या बाजूचं नेटवर्क, ८७ आंतरराष्ट्रीय, ८ए म्हणजे वेगळ्या प्रकारच्या नेटवर्कच्या पलीकडून. ०८ ०२ ८४ ९१ आला तर समोरच्याचा फोन खरंच एंगेज आहे. ०८ ०२ ८२ ए२ आला तर तुमच्याच प्रोव्हायडरकडे जागा नाही. पुण्याच्या कंपनीला दोष देऊन उपयोग नाही. येणाऱ्या कॉलवर तुमच्याच बाजूने ०८ ०२ ८० ८१ गेलेला दिसला तर नकार तुमच्या ईपीएबीएक्सचा आहे. डीआयडीचा तक्ता उघडा.

सिप ट्रंक असेल तर

नवीन ऑफिसांत पीआरआयऐवजी सिप ट्रंक, म्हणजे आयपी नेटवर्कवरून येणारी फोन लाइन, येते. क्रम ओळखीचाच: इन्व्हाइट हा सेटअप, १०० ट्राइंग हा कॉल प्रोसीडिंग, १८० रिंगिंग हा अलर्टिंग, २०० ओके हा कनेक्ट, एसीके हा कनेक्ट अॅक्नॉलेज. तोडायला बाय. ४८६ म्हणजे १७, ४०४ म्हणजे बहुधा १. ५०३ मात्र ३४, ३८, ४१, ४२ अशा अनेक कारणांचा एकच मुखवटा आहे. रीझन नावाच्या हेडरमध्ये क्यू.८५० चा मूळ कॉज असेल तर तोच धरा. एकतर्फी आवाजाचं मूळ इथे टाइमस्लॉटमध्ये नसतं. फायरवॉल आणि एनएटी (नेटवर्कचे आतले-बाहेरचे पत्ते बदलणारी सोय) आरटीपीची, म्हणजे आवाजाच्या पॅकेटांची, वाट अडवतायत का ते बघा.

प्रोव्हायडरला तक्रार लिहिताना

"लाइन डाउन आहे, अर्जंट" असं लिहिलं की माणूस येतो, लूप लावतो, "आमच्याकडून ओके" म्हणतो आणि जातो. त्याऐवजी एका फसलेल्या कॉलची माहिती द्या: तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ, लावणारा आणि लावलेला नंबर जसा सेटअपमध्ये गेला तसा, कॉल रेफरन्स, चॅनेल, शेवटचा मेसेज कोणाकडून आला, कॉज आणि त्याचं ठिकाण. सोबत त्याच मार्गावरून यशस्वी झालेल्या एका कॉलची तीच माहिती, म्हणजे फरक कुठे पडतो ते दिसेल. ईपीएबीएक्सचं घड्याळ एनटीपीवर (नेटवर्कवरून अचूक वेळ घेण्याच्या सोयीवर) लावलेलं असावं. तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढे असेल तर एक्सचेंजच्या लॉगमध्ये त्यांना तो कॉल सापडणारच नाही.